चौदाव्या होलाचं पाणी

बुधवार, ७ जानेवारी २०२६
आज एकटाच खेळलो. मालोजी गेला — बेळगावला, लेकीकडे, कायमचा! अठरा वर्षं दर बुधवारी गोल्फच्या मैदानावर आम्ही दोघं. मॅच-प्लेच. आता कुणाशी खेळू? नऊ होलं कशीबशी केली, किट गाडीत टाकलं, चामराजपेटला घरी आलो. कुलूप काढायच्या आधी सवयीने बेल वाजवली. दार उघडणारी बायको, वसुमती, तिला जाऊन तीन वर्षं होतील.

शुक्रवार, ९ जानेवारी
क्लबच्या सेक्रेटरीचा, प्रियदर्शनीचा फोन. कमिटी चौदाव्या होलापुढचं तळं बुजवायचं म्हणतेय. "काका, लोकांचे स्कोअर खराब होतात तिथे. तुम्ही मॅच-प्लेवाले. तुमचं म्हणणं लिहून द्या ना." पीण्या इंडस्ट्रियल एरियातला माझा कारखाना विकल्यापासून पहिल्यांदाच कुणी माझं मत विचारलं!

शनिवार, १० जानेवारी
लिहायला बसलो. एकूण फटके मोजायचे तर तळं नकोच; एका होलात नऊ झाले की दिवस गेला. पण मॅच-प्लेमध्ये होलागणिक हारजीत. नऊ मारा नाहीतर एकोणीस, जातं एकच होल. म्हणून मैदान मोहात पाडणारं हवं. सरळ, लांबलचक होलं काय कामाची? दोघंही पाच-पाच मारून गप्प पुढे चालतात. चौदावं आखूड आहे. पाण्यावरून थेट ग्रीन, खळगीभोवतीची हिरवळ, गाठता येतं, नाहीतर डावीकडून वळसा — एक फटका जास्त. समोरच्याने काय केलं ते बघून आपण ठरवायचं. तीच तर मजा! आणि जागाही अचूक. अठराव्यावर असतं तर उपयोग नव्हता, मॅच बहुतेकदा तिथवर पोचतच नाही, आधीच कुणीतरी पुरेशी होलं जिंकलेली असतात.

पुरावा म्हणून मालोजीच दिला. एवढा शहाणा माणूस, तरी दर बुधवारी पाण्यावरून मारायचा. डुबुक! मग हसायचा — "सरी अण्णा, ठीक आहे, हे होल तुमचं." मी वळशाने जायचो, जिंकायचो. या तीन वर्षांत मी क्वचितच हरलो. उतारवयात खेळ सुधारला माझा.

बुधवार, १४ जानेवारी
संक्रांत. शेजारच्या अक्का एळ्ळु-बेल्ल, इथला तीळगूळ, देऊन गेल्या. बाकी कुणी नाही.

रविवार, १८ जानेवारी
प्रियदर्शनीला क्लबात टिपण दिलं. वाचता वाचता थांबली. "मालोजीकाका? पाण्यावरून? नाही हो! रविवारी आमच्या ग्रुपमध्ये खेळायचे ना, कायम डावीकडूनच जायचे. आम्ही चिडवायचो त्यांना."

कॉफी तशीच टाकून निघालो.

सोमवार, १९ जानेवारी
सकाळीच चौदाव्यावर गेलो. पाण्यावरून तीन चेंडू मारले. दोन बुडाले. तिसरा पलीकडे ग्रीनवर जाऊन थांबला. बघायला कुणी नव्हतं. या तीन वर्षांत हा फटका मारायची वेळच त्याने माझ्यावर येऊ दिली नव्हती — आणि मी चाललो होतो कमिटीला शिकवायला!

मंगळवार, २० जानेवारी
मालोजीला फोन केला. आधी उडवाउडवी. मग म्हणाला, "वहिनी गेल्या, त्यानंतर एकदा हरलात तुम्ही. मी विसरलेली छत्री घ्यायला परत आलो, तर तुम्ही गाडीत. तासभर तसेच. मी लांबून बघत होतो. तेव्हाच ठरवलं."

"तीन वर्षं, मालोजी?"

"स्वल्प चेंडू बुडाले, अण्णा. त्यात काय!"

फोन आपटला. मला कीव नको होती. मग दिवसभर घरात नुसता फिरत राहिलो.

बुधवार, २१ जानेवारी
टिपणातून मालोजी खोडला, बाकी ठेवलं. तळं राहायलाच हवं. टिपण पाठवलं, आणि बेळगावचं तिकीट काढलं. त्याला कळवलं — येतोय, किट घेऊन. एकदा खरं खेळ माझ्याशी. जिंकायला खेळ!

गुरुवार, २२ जानेवारी
त्याचा फोन आला. "किट आणू नका, अण्णा. मला चेंडू दिसत नाही आता. म्हणून तर लेकीकडे आलो."

तिकीट रद्द केलं नाही.