तीन मेलेले, बाकीचे मी मारलेले

ती. भावोजींना,

दोन्ही हात जोडून नमस्कार. तुमचा गुडघा कसा आहे? ताईचा खोकला थांबला का? इकडे सगळे धडधाकट आहेत, एक मी सोडून. मलाही आजार असा नाही, फक्त तोंड दाखवायला जागा उरलेली नाही.

तुम्ही हौसेने घेऊन दिलेल्या मॉनिटरबद्दल लिहायचं आहे. (फोनवर ‘झकास चाललाय’ म्हणालो, ते खोटं होतं.) पहिल्याच दिवशी पडद्याच्या मधोमध काळा ठिपका दिसला. पुसला, फुंकला, शेवटी भिंग लावलं, तर एकमेकांना चिकटलेले तीन पिक्सेल मेलेले. (पडदा म्हणजे लाखो बारीक दिवे, एखादा कायमचा विझला की तो मेला म्हणायचं.) दुसऱ्या कोणाचं यात काही अडलं नसतं. पण माझं काम पडलं मुद्रितं तपासायचं, आणि आपल्या भाषेत ठिपक्याला केवढा मान! तिसरीच्या पुस्तकात ‘पैलवानाच्या अंगात रग होती’ असं वाक्य होतं. ठिपका नेमका ‘र’च्या डोक्यावर बसला. मला दिसलं ‘रंग होती’, म्हणून मी इमानदारीत ‘होती’चं ‘होता’ केलं. ठिपका राहिला माझ्या घरी आणि पुस्तकात छापून आलं ‘रग होता’. लेखिकाबाईंनी फोन करून विचारलं, “तुम्हाला रग फक्त पुरुषांतच दिसते का हो?”

मग खोक्यातली पुस्तिका काढली. मुंगीएवढ्या अक्षरांत नियम होता : पाच किंवा अधिक पिक्सेल मेलेले असतील तर पंधरा दिवसांत मॉनिटर बदलून मिळेल. म्हणजे तिघं गेले त्याची दखलच नाही, पाच गेले तरच रडायचं. तरी मी ठिपक्याभोवती लाल गोल काढून फोटो पाठवला, आणि सर्व्हिस सेंटरमध्ये जाऊन तावातावाने भांडलो. काउंटरवरच्या बाई शांतपणे म्हणाल्या, “तीनच आहेत. पाच झाले की या.”

भावोजी, त्या सहज बोलल्या. पण मी ते मनावर घेतलं.

बायको कामावर गेल्यावर मी चमचा घेतला आणि त्याच्या पाठीने ठिपक्याशेजारी हळूच दाबलं. (फक्त दोनच हवे होते. मला हाव नव्हती.) काही झालं नाही. आणखी जरा दाबलं. कर्र असा आवाज आला आणि दौत लवंडावी तशी शाई अर्ध्या पडद्यावर पसरली. बायको घरी आली, पडदा पाहिला, माझ्या हातातला चमचा पाहिला आणि म्हणाली, “याला भरवत होतास?”

तेव्हाच गप्प बसायला हवं होतं. पण पंधरावा दिवस उद्यावर आला होता. सकाळी मॉनिटर चादरीत गुंडाळून पुन्हा त्याच काउंटरवर गेलो आणि छातीठोकपणे सांगितलं, “आपोआप वाढत गेले.” बाईंनी स्वतःचा पडदा माझ्याकडे वळवला. त्यावर माझाच फोटो, माझाच लाल गोल. मग त्यांनी माझा मॉनिटर दिव्याखाली तिरपा धरला. मागे रांगेत चौघं होते, तेही वाकले. पडद्यावर लांबट, गुळगुळीत खळगा होता.

“चमचा का?” बाईंनी अगदी हळू विचारलं, रांगेला ऐकू जाऊ नये म्हणून.

मी मान डोलावली.

“बहुतेक लोक अंगठा वापरतात,” त्या म्हणाल्या, आणि मला बसायला खुर्ची दिली. ओरडल्या असत्या तर मीही ओरडलो असतो. त्या खुर्चीने मात्र मेल्याहून मेल्यासारखं केलं. माझ्याएवढा माणूस, दिवसभर लोकांच्या चुका काढून पोट भरतो, आणि हातात चमचा!

तुमच्या भेटवस्तूची ही गत केली. पदरात घ्या. ताईला सांभाळून सांगा, किंवा सांगूच नका.

तुमचा धाकटा मेहुणा

ता. क. : ‘ग्राहकाच्या हातून नुकसान’ अशा कागदावर सही द्यावी लागली. बिल तुमच्या नावावर असल्यामुळे बाई मला तुमच्या नावाने हाक मारत होत्या. दुरुस्त करायचा धीर झाला नाही. सही तुमचीच ठोकली. त्यांच्या दप्तरी चमचेवाले तुम्ही आहात.

आणखी एक : मॉनिटर त्यांनी तिथेच ठेवून घेतला आहे, तो परत न्यायला बिलावरच्या माणसाचं ओळखपत्र दाखवायचं आहे. तुमचं तेवढं लगेच पाठवा. त्यावरच्या फोटोत तुम्हाला मिशा आहेत ना? मी परवापासून राखायला घेतल्या आहेत.