एक्केचाळीस रेकॉर्डी

लातूर, २९ ऑगस्ट १९८२

ती. सिंधुअक्कास,
शेषेरावचा सप्रेम जयभीम. वि. वि.

शुक्रवारी सामानासह पोचलो. जिल्हा नवा झाला, पण कचेरीत खुर्च्या नाहीत. मी फायलींच्या गठ्ठ्यावर बसून जावक लिहितो. पाऊस इकडेही नाही. टँकर दिवसाआड येतो आणि तुझी भावजय घागरी घेऊन माझ्याआधी रांगेत असते. म्हणते, जिल्हा मोठा झाला, पाणी तेवढं लहान झालं.

एक वाईट बातमी आहे. आबांच्या रेकॉर्डींचं खोकं आलं नाही. नांदेडात मी स्वतः मोजलं होतं, एक्केचाळीस रेकॉर्डी. इथं उतरवताना सगळं निघालं, तेवढंच नाही. सामान धोंडप्पानं भरलं होतं. तो हैदराबादचा शौकीन त्या रेकॉर्डींसाठी दोनदा येऊन गेला होता, आठवतं? आबा नाही म्हणाले, पण धोंडप्पा दोन्ही वेळा तिथंच बसलेला होता.

मी नांदेडच्या पोलिसांना अर्ज पाठवला आहे. खूण म्हणून लिहिलं, की प्रत्येक पाकिटावर आमचे वडील केरबा यांच्या अक्षरात नवरीचं नाव, गाव आणि तारीख आहे. आबांनी भाड्यानं मशीन लावलेल्या त्या लग्नात स्पीकरवर पहिली वाजलेली ती रेकॉर्ड. आबांना अर्जाचं सांगितलेलं नाही. मशीनवरचा तीस वर्षांचा सोबती चोर निघाला हे त्यांना सोसणार नाही. ते एवढंच म्हणतात, शोधू नको. त्यांना आता अक्षर दिसत नाही, पत्रं मीच वाचून दाखवतो. तेव्हा तू मोकळेपणानं लिही.

लोभ आहेच, तो उन्हात सुकू देऊ नये.
तुझा,
शेषेराव


नांदेड, १० सप्टेंबर १९८२

चि. शेषेरावास अनेक आशीर्वाद व जयभीम.

लहानपणी कंपासपेटी हरवलीस की माझं नाव सांगायचास आणि पेटी तुझ्याच दप्तरात निघायची. तेव्हा मी मार खाल्ला. आता धोंडप्पाकाका खाऊन राहिले.

दोन दिवस त्यांना चौकीत बसवून ठेवलं. घरात आपलं खोकं सापडलं, रिकामं. रेकॉर्डी कुठं, तर म्हणाले, जिची तिला गेली. कितीदा विचारलं तरी तेवढंच. मी भाकरी घेऊन गेले, तिला हात लावला नाही. बसम्माकाकू दाराबाहेर बसून होत्या. गल्लीनं येताजाता पाहिलं. सोडलं शेवटी, पण सोडलेलं कोण पाहतं?

तुला आईनं सांगितलं नसेल, तू लहान होतास. धोंडप्पाकाका लिंगायत. आपल्या घरी येऊन आईच्या हातचं पाणी उभ्या गल्लीदेखत प्यालेला पहिला माणूस तो. भावकीनं त्यांना वर्षभर पंगतीला बसू दिलं नाही. त्यानंतरही ते रोज यायचे, आणि मुद्दाम ओट्यावर बसून, सगळ्यांना दिसेल असं प्यायचे. आई म्हणायची, तहान नसली तरी पितो बघ.

अर्ज मागं घे. आणि आबांना विचार.

तुझी,
अक्का


लातूर, १८ सप्टेंबर १९८२

ती. अक्कास सप्रेम जयभीम. वि. वि.

पाणी प्याल्यानं माणूस चोरी करत नाही, असं कायद्यात नाही. रिकामं खोकं त्याच्या घरी सापडलं, याला मी काय म्हणू? मशीनची चावी फिरवून फिरवून माझ्या हाताला घट्टे पडायचे. त्या रेकॉर्डी माझ्याही होत्या.

आबांना विचारणार नाही. जेवण निम्म्यावर आलं आहे. डॉक्टर म्हणतात, मनाला लागेल असं काही बोलू नका. रोज दुपारी ते विचारतात, धोंडप्पाचं पत्र आलं का. मी नाही म्हणतो. मग बोटांवर काहीतरी मोजतात.

तुझा,
शेषेराव


नांदेड, ९ ऑक्टोबर १९८२

चि. शेषेरावास आशीर्वाद.

हे पत्र बसून वाच.

मंगळवारी नायगावहून कोंडाबाई नावाची बाई आली. पदराखाली रेकॉर्ड. पाकिटावर आबांचं अक्षर: कोंडाबाई, नायगाव, ४ मे १९६१. धोंडप्पाकाकांनी ती पोळ्यानंतर घरी आणून दिली होती. म्हणाले, केरबाची अमानत आहे. तो गाव सोडून चालला, परत यायचा न्हाई, म्हणून ज्याचं त्याला पोचवायला सांगितलंय. बाईचा नवरा वारला. घरात मशीन नाही. तिनं ती फोटोशेजारी ठेवली होती. काकांना पोलिसांनी धरलं हे आता कळलं, तेव्हा ती एसटीनं इथवर आली. ही घ्या म्हणाली, पण त्या माणसाला सोडा.

मी बसम्माकाकूंकडे गेले. सामान भरायच्या पहाटे आबांनी स्वतः खोकं काकांच्या डोक्यावर दिलं होतं. सगळ्या पोचेपर्यंत शेषेरावला सांगायचं नाही, तो देऊ देणार नाही, असा शब्द घेतला होता. न पोचलेल्या रेकॉर्डी कणगीत होत्या. यंदा कणगी रिकामी, तिच्यात कोण डोकावतं? चौकीतून सुटल्यावर काकांनी त्याही पोचवल्या. लोह्याच्या बाजूला तर चालत गेले; एसटीत ओळखीची माणसं भेटतात म्हणून.

चाळिसावी माझी होती. काल सकाळी उंबऱ्यावर ठेवलेली दिसली. काका वळून चालले होते. मी तांब्या घेऊन रस्त्यापर्यंत धावले. त्यांनी हात जोडले. पाणी घेतलं नाही.

अक्का


लातूर, २४ ऑक्टोबर १९८२

ती. अक्कास जयभीम.

आबांना सगळं सांगितलं, अर्जासकट. ते रागावले नाहीत. उशाखालून एक्केचाळिसावी काढून माझ्यापुढं ठेवली. माझ्या लग्नाची. पाकिटावर नाव आणि तारखेखाली लिहिलं आहे: आज मी वरबाप, मशीन धोंडप्पाकडे.

मला त्यांनी आधी विचारलं असतं तर मी एकही देऊ दिली नसती. हे त्यांना ठाऊक होतं.

परवा मी नांदेडला येऊन गेलो. तुझ्याकडे आलो नाही, तोंड नव्हतं. अर्ज मागं घेतला. काकांच्या घरी गेलो. त्यांनी सतरंजी टाकली, बसम्माकाकूंनी पाणी दिलं, मी प्यालो. पायांवर डोकं ठेवलं तर त्यांनी उचललं. म्हणाले, तू लेकरू हाइस, चुकतंच. मग मी म्हणालो, अक्काकडे चला, तिच्या हातचं घोटभर घ्या. त्यांनी माझ्यापुढचा तांब्या उचलून बाजूला ठेवला. म्हणाले, आता तहान लागत न्हाई बाबा.

घरी आलो तर आबा जागे होते. त्यांनी एकच विचारलं, धोंडप्पा सिंधूच्या ओट्यावर बसून पाणी प्याला का. मी हो म्हणालो.

तेव्हापासून ते शांत झोपतात. डॉक्टरांनी आता औषध बदलायचंही सोडलं आहे. अक्का, तुझ्या पत्राची ते वाट बघतात. तुझ्या तोंडून ऐकायचं म्हणतात. या वेळी त्यांच्या नावानं लिही. वाचायचं मलाच आहे.

शेषेराव


नांदेड, १ नोव्हेंबर १९८२

ती. आबांस,
सिंधूचा सप्रेम जयभीम. वि. वि.

इकडे सर्व ठीक. नळाला तिसऱ्या दिवशी का होईना पाणी येतं.

धोंडप्पाकाका येऊन गेले. ओट्यावरच बसले, आत चला म्हटलं तरी ऐकेनात. समोरचे शेजारी दारात उभे होते. काका तांब्याभर पाणी प्याले. मग उन्हं फार आहेत म्हणाले आणि आणखी एक मागितला.

तुमची आठवण काढत होते. सगळ्या पोचल्या, असं तुम्हाला कळवायला सांगितलं आहे.

प्रकृतीस जपावं. लेकीवर माया असू द्यावी.

तुमची,
सिंधू