जांभळीच्या तलावात जूनपर्यंतचं पाणी

२ डिसेंबर
जांभळीच्या तलावाचा तळ दिसू लागलाय! वामनभाऊ, माझे धाकटे दीर, सकाळीच आले. गावच्या पाणी समितीचे अध्यक्ष तेच. म्हणाले, दोन पावसाळे कोरडे गेले, आता हिशेब तुम्हीच सांगा. माझी सगळी नोकरी छिंदवाड्याला धरणांच्या पाण्याचे अंदाज बांधण्यात गेली. गावानं मात्र आज पहिल्यांदा विचारलं. दिवसभर उगाच हसू येत होतं.

५ डिसेंबर
संत्र्यांना ताण दिलाय. पाणी बंद, पानं मलूल. जानेवारीत पाणी देऊन ताण तोडला की झाडं फुलतील. पण एकदा फुलली की पावसाळ्यापर्यंत पाणी तुटता कामा नये. तुटलं तर फळ गळतं, झाडही वाळतं. गावाचा नळही याच तलावावर. म्हणजे मला एकच सांगायचंय — ताण तोडावा की नाही.

८ डिसेंबर
डोंग्यातून दोरी सोडून खोली मोजली. भाऊ वल्हवत होते, मी थरथर कापत होते — थंडीनं! गाळ किती साचलाय! जुन्या नकाशातला तलाव आता राहिलाच नाही. गाळ वजा केला, उन्हानं उडेल ते वजा केलं, कालव्याच्या दरवाजाखालचं, बाहेर न येणारं पाणी वजा केलं, पाऊस उशिरा धरला. बागा नेहमीसारख्या धरल्या — निम्म्या अंबिया बहाराच्या, म्हणजे आत्ता हिवाळ्यात फुलणाऱ्या, आणि निम्म्या मृगाच्या, पहिल्या पावसावर फुलणाऱ्या. मृगवाल्यांना आत्ता झाड जगवण्यापुरतंच पाणी लागतं.
पुरतंय! अशी दहा वर्षं आली तर नऊदा पुरेल.
कॉन्व्हेंटात गणित शिकवणाऱ्या सिस्टर बर्नाडेट म्हणायच्या, उत्तर आवडलं की पुन्हा तपास. दोनदा तपासलं. खडूनं पांढरी झालेली त्यांची बोटं अजून डोळ्यांपुढे आहेत.

११ डिसेंबर
शाळेच्या ओसरीवर बैठक. शेजारच्या बागेचा गुणवंता मागून म्हणाला, "काकू, आभाय तुमच्या कॉन्व्हेंटात शिकलं हाये का? तुमचं आयकन?" सगळे हसले, मीही हसले. म्हटलं, आभाळाच्या भरवशावर काही धरलंच नाही. तलावात आहे तेवढंच मोजलंय. मग ताण तोडायचं ठरलं.

४ जानेवारी
कालव्याला पाणी सोडलं.

२७ जानेवारी
बाग पांढरी झाली. ही झाडं माझ्या नवऱ्यानं, वसंतनं लावलेली. मी शनिवारी छिंदवाड्याहून बसनं यायचे, तेव्हा तो फाट्यावर उभा असायचा आणि त्याच्या सदऱ्याला हाच वास असायचा. आज बराच वेळ झाडांतच बसून राहिले.

३ फेब्रुवारी
तलाव अंदाजापेक्षा पुष्कळ खाली गेलाय! कालवा कुठे फुटला असेल म्हणून भाऊंना घेऊन शेवटपर्यंत चालले. कुठेही गळती नाही. पण गुणवंताची बाग फुललेली! तो तर मृगवाला.
विचारलं, तर म्हणाला, "मिरगात पानीच नाही आलं, फूल कुठून येईन? सारे मृगवाले आता अंबियाच घेऊन राहिले न काकू. तुमीच तं म्हनलं पानी पुरते. तुमच्या भरोशावर तान तोडला."
टोमणा नव्हता. विश्वासानं बोलत होता. तेच लागलं.

५ फेब्रुवारी
सगळ्या बागा धरल्या तर तलाव एप्रिलमध्येच संपतो. मग नळही बंद. पाण्याला सगळं विचारलं, माणसांना नाही. एका बहाराला पाऊस नसला की बागवाला दुसरा बहार घेणारच! मी 'पुरतंय' म्हटलं आणि म्हणूनच ते पुरेनासं झालं. बैठकीत हे सगळं सांगितलं. उपायही सांगितला. माझ्या बागेचा बहार मी पूर्ण सोडला आणि बाकी प्रत्येकानं निम्म्या झाडांचा फुलोरा झोडून टाकला तर जमतं. फूल नसलेलं झाड थोड्या पाण्यावर जगतं. काहीच न ठरता बैठक उठली. भाऊ घरी येऊन म्हणाले, "दादाच्या हातची झाडं हायेत, वहिनी."
माहीत आहे.

९ फेब्रुवारी
सकाळपासून भाऊ आणि मी आमच्या बागेतला फुलोरा काठ्यांनी पाडतोय. पायाखाली सगळं पांढरं. दुपारी दमून काठी खाली ठेवली. तरी झोडण्याचा आवाज येतच होता — गुणवंताच्या बागेतून.