ज्याचं जनावर त्याच्या पानावर

देवणी,
३ नोव्हेंबर

चि. शिल्पा हिस अप्पाचे भरभरून आशीर्वाद.

फोनवर मला काही ऐकू येत न्हाई, म्हणून कागद घेतला. तुझी अव्वा बरी हाय. जावईबापूंना माझा शरणार्थी नमस्कार सांग.

एक गोष्ट मनाला लागली हाय. आपल्या पशुपालक मंडळाची तू वेबसाइट केलीस, घरोघरची देवणी जातीची जनावरं तिच्यावर चढवलीस. काल मडिवाळप्पानं त्याच्या गंगी गाईचं पान उघडलं, तर आत आपला वळू. दुसऱ्यांची पानं उघडली, तिथंबी आपलाच वळू. भर बैठकीत तो म्हणला, चन्नबसप्पाच्या पोरीनं गावच्या सगळ्या गोठ्यांत बापाचाच बैल बांधला. लोक हसले. आता मंडळ म्हणतंय, हे काम तुझ्याकडून काढून पुण्याच्या माणसाला द्यावं. जनावरांचं प्रदर्शन तोंडावर आलंय. बिदरकडचे घेणारे लोक आधी मोबाइलवर जनावर बघतात, मगच येतात.

रागावू नको, पण खरं सांग. बापाच्या मायेपोटी तू हे मुद्दाम केलंस का? तसं असंल तर मी सगळ्यांची माफी मागतो.

माया कमी होऊ देऊ नको.
तुझा अप्पा

*

नांदेड,
७ नोव्हेंबर

तीर्थरूप अप्पांना शिल्पाचा शरणार्थी नमस्कार. वि. वि.

तुमचा प्रश्न वाचून आधी रडू आलं, मग राग आला, मग कॉम्प्युटर उघडला. मुद्दाम नाही केलं, अप्पा. पण चूक माझीच आहे.

जनावराचा फोटो, वय, मालक दाखवणारा कोड मी एकदाच लिहिला. प्रत्येक पानावर चौकटी कंसात एक छोटी ओळ असते, तिला शॉर्टकोड म्हणतात. ती त्या कोडला हाक मारते आणि सोबत जनावराचं नाव पाठवते. आलेल्या नावाचं जनावर कोडनं दाखवायचं. माझ्या पानांवरून नावं नीट जात होती, पण कोड ती घेतच नव्हता. इंग्रजी अक्षरांत ‘नाव’ लिहिताना पानावर मी एक ‘ए’ लिहिला आणि कोडमध्ये दोन. त्यामुळे कोडला वाटायचं, नाव आलंच नाही.

नाव आलं नाही तर काहीतरी दिसावं, म्हणून काम तपासताना मी आपला वळू तिथं ठेवला होता. तो काढायचा राहिला. म्हणून सगळीकडे तोच दिसला.

आता दोन्हीकडे एकच स्पेलिंग केलं. प्रत्येक पान स्वतः उघडून पाहिलं. आणि यापुढे नाव पोचलं नाही, तर कोणाचंच जनावर दिसणार नाही. आपलंही नाही.

रविवारच्या बैठकीला मी येते. माझ्या वतीनं तुम्ही माफी मागू नका. जे बोलायचं ते मला बोलू द्या.

अव्वाला सांगा, धपाटे करून ठेव. लोभ आहे तसाच राहू द्यावा.
तुमची शिल्पा

*

देवणी,
२ डिसेंबर

चि. शिल्पा हिस अप्पाचे आशीर्वाद.

त्या रविवारी तू उभी राहून बोललीस, त्यातलं मला काही ऐकू आलं न्हाई. लोकांची तोंडं तेवढी दिसत होती. आधी आखडलेली, मग वाकून मोबाइलात बघणारी. मडिवाळप्पानं गंगीचं पान उघडलं आणि शेजाऱ्याला दाखवलं, तेव्हा मला समजलं. नंतर त्याच्या सुनेनं, मनिषानं, माझ्या कानाशी येऊन सांगितलं, की चूक माझी म्हणून तू पहिल्याच वाक्यात कबूल केलंस आणि मगच बाकीचं समजावलंस. पुण्याच्या माणसाचं नाव परत निघालं न्हाई.

प्रदर्शनात बिदरची माणसं मोबाइल हातात घेऊन नीट गंगीपाशीच गेली. आपल्या वळूला बक्षीस मिळालं न्हाई, गंगीला मिळालं. तरी मी लई ताठ मानेनं फिरलो.

काल मडिवाळप्पा घरी आला. चहा झाला तरी उठंना. शेवटी मोठ्यानं म्हणला, आमच्या मनिषाला हे काम शिकायचंय, शिल्पाला सांगा, शिकव म्हणावं. आजवर तुझ्यासाठी स्थळं आली, सांगावे आले, सगळ्यांना हो-न्हाई मीच म्हणत आलो. काल दोन्हीतलं काहीच म्हणालो न्हाई. त्याला सांगितलं, ती तिच्या कामाची मालकीण हाय, तिलाच विचारा. तो मान हलवून गेला. त्याचं पत्र येईल, तुला पटंल ते उत्तर दे.

अव्वा तुझी वाट बघून राहिली हाय. माया पातळ होऊ देऊ नको.
शिल्पाचा बाप,
चन्नबसप्पा