खिडकीखालची लाल बादली

करीमचाचा, सलाम.

तुम्ही जाऊन वर्ष होत आलं आणि मी आज पत्र लिहायला बसलेय. माणूस समोर असताना दोन शब्द धड बोलायचे नाहीत आणि गेल्यावर कागद भरायचे, ही आम्हा शिकलेल्यांची खोडच! पण टेबलावर एक टाइप केलेला कागद पडलाय. उद्या त्यावर सही करून तो प्राचार्यांना द्यायचाय. चाकूरच्या आपल्या कॉलेजात हे ज्याला सांगावं असं कुणी उरलेलं नाही. थकले हो चाचा.

तुमची लाल बादली आठवते का? काय विचारतेय मी! इतकी वर्षं केमिस्ट्रीची लॅब सांभाळलीत तुम्ही. रोज सकाळी आधी ती बादली घासून, भरून खिडकीखाली ठेवायची, मगच कपाटांची कुलपं उघडायची. त्या पाण्याला हात लावायची कुणाची टाप नव्हती. एकदा प्राचार्यांनी त्यात चहाचा कप विसळला, तर तुम्ही त्यांच्यादेखत सगळी बादली ओतून नवी भरलीत.

टंचाईच्या वर्षी नळ कोरडे पडले, तेव्हा तुम्ही सायकलला कॅन लटकवून घरून पाणी आणायचात. मी चिडले होते. "चाचा, लोकांना प्यायला पाणी नाही आणि तुम्ही इथं भरलेली बादली शोभेला ठेवता?" तुम्ही फडक्याला हात पुसत म्हणालात, "म्याडम, तहानलेला मानूस तासभर दम धरतोय. तेजाबानं जळालेला हात न्हाई धरत." मी हसले. त्या बादलीची एकदाही गरज पडलेली नव्हती ना!

पडली नव्हती, कारण तुम्ही होतात. "पोरी, बाटली तोंडापासून लांब धर. धार न्हाई, थेंब थेंब. घाई हाय का तुला लग्नाची?" सगळ्या मुली हसायच्या आणि हात मात्र सावकाश चालायचे. डिग्री माझ्याकडे, तुम्ही सातवी पास, आणि मुली ऐकायच्या तुमचं. मला थोडा राग यायचा, आज सांगून टाकते.

तुमची जागा भरलीच नाही. तशी मुलंही नसतात म्हणा. नाव आपल्या कॉलेजात आणि पोरं दोन वर्षं लातूरच्या क्लासला. आमच्याकडे येतात त्या फक्त प्रयोगवह्या, एकीची बघून दुसरीनं उतरवलेल्या. मी पानोपानी सह्या करते. अक्षर चांगलं असलं तर 'उत्तम' असंही लिहिते. न झालेल्या प्रयोगाला उत्तम! तुम्ही असता तर काय म्हणाला असतात? नुसतं बघितलं असतंत माझ्याकडे.

बादलीचं काय झालं, ते सांगायचं टाळतेय मी. स्टाफरूममधला पाण्याचा फिल्टर गळत होता. मीच लॅबमध्ये गेले, बादलीतलं पाणी बाहेरच्या कण्हेरीला ओतलं आणि ती फिल्टरखाली नेऊन ठेवली. "नाहीतरी लॅबमध्ये येतंय कोण?" हे माझेच शब्द.

गेल्या आठवड्यात बारावीची प्रात्यक्षिक परीक्षा होती. अहमदपूरकडच्या एका खेड्यातली शिवानी दोन वर्षांत पहिल्यांदाच लॅबमध्ये आली. परीक्षानळीच्या कडेनं सल्फ्युरिक ॲसिड थेंब थेंब सोडायचं होतं. तिनं एकदम ओतलं आणि ते उसळून तिच्या मनगटावर आलं. ती किंचाळली. मी नळाकडे धावले, नळाला पाणी नाही. मग खिडकीखाली वळले, चाचा, सवयीनं! तिथं फरशीवर बादलीचा गोल डाग तेवढा होता.

मुलींनी आपल्या प्यायच्या बाटल्या तिच्या हातावर रिकाम्या केल्या. मी स्टाफरूमकडे पळाले, तर बादलीत चार बोटं पाणी. रस्त्यापलीकडच्या हॉटेलातून घागरी येईपर्यंत किती वेळ गेला, कोण जाणे. हात वाचला, पण डाग राहील असं लातूरचे डॉक्टर म्हणाले.

परवा तिच्या घरी गेले होते. आई चहा टाकायला आत गेली, तशी ती हळूच म्हणाली, "म्याडम, माझ्या वहीत तुमी उत्तम लिवलं होतं की. मग मला का जमलं न्हाई?"

चहा घेतला आणि उठले.

आता हा समोरचा कागद. त्यात लिहिलंय की विद्यार्थिनीला पूर्ण प्रशिक्षण दिलं होतं, सुरक्षेची सगळी सोय होती, तिनं सूचना पाळल्या नाहीत. आणि पुरावा म्हणून काय जोडणार आहेत ठाऊक आहे? तिची प्रयोगवही, माझ्या 'उत्तम'सकट! प्राचार्य वाईट नाहीत, तेही दमलेत. "म्याडम, सही करून टाका, मिटून जाईल. चौकशी लागली तर तुमचीच नोकरी अडकंल." त्यांचं खोटं नाही. रिटायर व्हायला सहा वर्षं आहेत मला.

चाचा, तुम्हाला शब्द देते, या कागदावर मी सही करणार नाही. दुसरा लिहिलाय, हातानं. तो प्रयोग तिला कधी शिकवलाच नव्हता. 'उत्तम' मी लिहिलं. बादली मी हलवली. एवढंच लिहिलंय आणि खाली नाव घातलंय. भीती वाटतेय, खोटं कशाला बोलू? पण त्या पोरीवर ढकलून मोकळी होणार नाही.

आज सकाळी बादली परत आणली. घासली, भरली, खिडकीखाली ठेवली. केवढी जड होते हो! तुम्ही कधी बोलला नाहीत. मी इथं आहे तोवर ती रोज भरेन, मगच कुलपं उघडेन. शिवानीचा हात बरा झाला की तिला बोलावणार आहे. परीक्षा झाली तर झाली. तिच्या मागं उभी राहीन आणि तो प्रयोग तिच्याकडून थेंब थेंब करून घेईन. वहीतला शेरा त्यानंतर.

तुमची,
केमिस्ट्रीवाली म्याडम