टोपीवरचं कुंकू

२ फेब्रुवारी, सोमवार
हे म्हणतात, आष्टीच्या बाजारात शेरडं बघायला गेलतो! बाजारात टॉवेल-टोपी कोण देतं? यांच्या पिशवीत कोरी टोपी निघाली. विचारलं तर नवरा चपला झटकत बसला. सासूबाईंचं वेगळंच — चकलांब्याला कुणाच्या तरी दहाव्याला गेलता, दुखवट्याची टोपी हाय ती.
माय-लेकाचं एक गाव जुळत न्हाई. मला काय कळत न्हाई व्हय? पोरगा बघून आले असतील. रविवारी माझ्या संस्कृतीचा पोलीस भरतीचा पेपर. मैदानी परीक्षेत पास झाली पोरगी, लेखीच राहिलीय. मला चौथीतून काढलं, सतराव्या वर्षी या घरात आणलं. तिचं तसं होऊ देणार न्हाई.

३ फेब्रुवारी
संस्कृतीच्या पुस्तकात एक कोडं. दोन माणसं. एक कायम खरं बोलतो, एक कायम खोटं. कोण कसला, माहीत न्हाई. कुणालाबी एकच विचारायचं — त्या दुसऱ्याला विचारलं तर तो काय सांगेल? उत्तर येईल त्याच्या उलटं धरायचं. ऐकता ऐकता भाकर करपली. पण डोक्यात शिरलं.

४ फेब्रुवारी
करून बघितलं. यांना म्हणलं, तुमच्या आईला विचारलं तर तुमी कुठं गेलते म्हणतील? म्हणाले, दहाव्याला. म्हणजे दहावा न्हाई. सासूबाईंना गोठ्यात गाठलं — तुमचा लेक काय सांगेल? बाजार, म्हणाल्या. म्हणजे बाजार बी न्हाई. मग गेले कुठं?
संस्कृतीला सांगितलं तर हसून लोळली. "आई, त्या कोड्यात एक तरी खरं बोलणारा लागतो. आपल्या घरात कुठंय?"
जरा जास्तच हसली.

५ फेब्रुवारी
टोपी उन्हात धरून बघितली. पुढच्या काठाला कुंकू! कपाळाला लावलेलं टोपीला पुसलं गेलं. दहाव्यात कुंकू कोण लावतं?
सासूबाईंपुढं टोपी ठेवली. लई शाणी हायस, म्हणाल्या. मग सांगून टाकलं — रविवारी पाहुणे येणार.
पेपरच्याच दिवशी!
यांना धरलं. ओरडले न्हाईत. खाली बघून म्हणाले, "मला कशाला बोलतीस? पोरीनंच धाडलं मला. पोरगा, हरिओम, तिच्याच क्लासातला हाय. पत्ता तिनं दिला. तुला सांगू नका म्हणली."
खोटारड्याचं बोलणं. उलटंच धरायचं.
झोप न्हाई.

६ फेब्रुवारी, शुक्रवार
संस्कृतीला विचारलं, बाबा म्हणतात ते खरं का? पुस्तकातून मान न काढता म्हणाली, "तुला काय वाटतं, आजीला विचारलं तर काय सांगेल?"
माझंच कोडं माझ्यावर.
मी पुस्तक मिटलं तिचं. हॉलतिकीट दाखव म्हणलं. काढलंच न्हाई, म्हणाली. हळूच. म्हणजे हे खरंच बोलले.
तिला सांगितलं — कोडी बास. हॉलतिकीट उद्याबी निघतं. पेपर द्यायचा का पाहुण्यांपुढं बसायचं, तुझ्या तोंडानं सांग. उद्या शनिवार. दिवे लागायच्या आत.