धोंड्याला मरू दे

२ फेब्रुवारी, रविवार
मिळाली! दीड वर्ष दर रविवारी मरोळला एडवर्डच्या घरी टेबलाभोवती बसून डाइसवरचा लढायांचा गेम खेळतेय, आज कुठे माझ्या कॅरेक्टरला, वैदिणीला, एक्स्ट्रा ॲक्शन मिळाली. म्हणजे आपली पाळी आली की एकाऐवजी दोन गोष्टी करता येतात. आजवर लढाईत एकच काम केलं — दुसऱ्यांच्या जखमा बांधणं. आता एका हाताने हील, दुसऱ्या हाताने कोयता!

गेम एडवर्ड चालवतो. राक्षस त्याचे, नियमही त्याचेच. त्याने लगेच आठवण करून दिली — मेलेल्याला जिवंत केलं तर वैदिणीची एक्स्ट्रा ॲक्शन कायमची जाते. जातेय कशाला? माझ्या हाताखाली अजून एकही मेलेला नाही.

९ फेब्रुवारी, रविवार
डोकं फिरलंय. सिद्धेशचं कॅरेक्टर, धोंड्या, कुऱ्हाड घेऊन एकटाच लांडग्यांच्या कळपात घुसला. दोघांची मुंडकी उडवली, तिसऱ्याचा जबडा फाडला, मग बाकीच्यांनी त्याचं पोट फाडलं. कमरेला औषधाची बाटली होती — प्यायला नाही! एक्स्ट्रा ॲक्शन त्याच्याकडेही आहे, ती त्याने आणखी एका घावात घालवली. माझ्या दोन्ही त्याची आतडी आत ढकलण्यात गेल्या. कोयता कोरडाच. वर सिद्धेश स्वतःचा हिरवा डाइस समजून शेजारी खेळणाऱ्या केयूरचा लाल उचलतो, नेहमीसारखा, आणि हसतो.

१६ फेब्रुवारी, रविवार
परत तेच. नरभक्षक म्हातारीने धोंड्याचा हात खांद्यातून उपटला. मी तो परत शिवला. सिद्धेशला सगळ्यांदेखत झापलं.

१८ फेब्रुवारी, मंगळवार
सिद्धेश साकीनाक्याला माझ्या ऑफिसखाली आला. जहाजावर नोकरी लागतेय, मेडिकल झालं की नऊ-दहा महिने गायब. टेबलावर अजून कुणाला सांगितलेलं नाही.

आमच्याकडे जाणाऱ्याचं कॅरेक्टर टेबलावरच राहतं, उरलेल्यांतला कुणीतरी ते खेळतो. व्हॅलेन्सिया कॅनडाला गेली तेव्हा तिची तिरंदाज केयूरकडे आली. त्याने तिची भुरटी चोर करून टाकली, तान्ह्या पोराच्या पायातले वाळे चोरायला लावले. व्हॅलेन्सिया व्हिडिओ कॉलवर रडली होती.

"मेलेल्याला कुणी खेळवत नाही ना," सिद्धेश म्हणाला. "एकदा मरू दे ना गं त्याला. तू फक्त हात आवर."

चहा अर्धा टाकून निघून आले. राग धोंड्याचा नाही. सिद्धेश इतके महिने दिसणार नाही, आणि ते मला असं कळतंय!

२० फेब्रुवारी, गुरुवार
नाही आवरणार हात. बघू काय करतो.

२३ फेब्रुवारी, रविवार
मेला.

पुलावर राक्षस आला. धोंड्याने त्याचा गुडघा तोडला, राक्षसाने धोंड्याला उचलून कठड्यावर आपटलं. बरगड्या फुफ्फुसात घुसल्या. पडलेला तीनदा डाइस टाकतो, तिन्ही हुकले की संपला. दोन हुकले, आणि माझी पाळी आली. केयूर ओरडत होता, हील कर, हील कर. सिद्धेश माझ्याकडे बघतच नव्हता, नुसता डाइस घोळवत होता.

मी कोयता उचलला. पहिल्या ॲक्शनला राक्षसाचा डोळा, दुसऱ्या ॲक्शनला गळा. पूल रक्ताने न्हाला. इतके दिवस हेच हवं होतं.

धोंड्याचा तिसरा डाइसही हुकला. एडवर्डने टेबलावरची त्याची बाहुली आडवी ठेवली. केयूर माझ्याशी बोलत नाहीये. सिद्धेशने निघताना डोक्यात टपली मारली. मी एडवर्डच्या बाथरूममध्ये नळ सोडून रडले.

६ मार्च, गुरुवार
सिद्धेश मेडिकलला नापास. लाल-हिरवं वेगळं ओळखता येत नाही म्हणे. जहाज गेलं. फोनवर आधी रडला, मग विचारलं, "धोंड्या उठेल का गं?" मी त्याला पोटभर शिव्या घातल्या आणि फोन ठेवला. मग एडवर्डला लावला. धोंड्याला उठवायला एक्स्ट्रा ॲक्शन देऊन टाकली.